कार्डावरचे बारा हजार

माझा पहिला पगार आत्याबाईंनी दोनदा मोजला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडच्या सुना सासूला असंच म्हणतात. परभणीच्या एका हायस्कुलात गणिताची शिक्षिका म्हणून मी सप्टेंबरात लागले होते, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पगाराचं पाकीट घेऊन संध्याकाळच्या पॅसेंजरनं पूर्णेला उतरले होते. घरी येऊन पाय धुतले, पाकीट बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवलं, वाकले, आणि मग ते उचलून त्यांच्या हातात दिलं. आमची तशी बोलीच झाली होती.

बोली अशी होती : माझी मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती, तिला दिवसभर आत्याबाई सांभाळणार, आणि माझा पगार पाकिटासकट त्यांच्या हाती येणार. त्यातूनच त्या मला रेल्वेच्या पासाचे आणि वरखर्चाचे पैसे काढून देणार. नवऱ्याचा पगारही असाच यायचा, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही. सासरे गेले तेव्हा माझे मालक चौथीत होते. आत्याबाईंनी रुळाखालची खडी फोडून आणि दुसऱ्यांच्या रानात खुरपून लेकाला शिकवलं होतं, आणि तो लोको शेडमध्ये फिटर झाला होता. पैसा हातात आला की तो मोजायचा आणि ट्रंकेत ठेवायचा, एवढंच त्यांना माहीत. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मोजणीत त्यांना फसवणारा पूर्णेच्या बाजारात कुणी नव्हता.

"किती म्हणली व्हतीस?" त्यांनी विचारलं.

"सव्वाचारशेच्या आसपास."

"हे तीनशे एकतीस हायेत."

"कर कापला, आत्याबाई. इन्कमटॅक्स."

त्यांनी पाकीट उलटं करून झटकलं, आत काही राहिलंय का ते बोट घालून पाहिलं, आणि ट्रंक उघडली. मला वाटलं, विषय संपला.

खरं सांगायचं तर चूक माझीच होती. रोज पोरींना त्रैराशिक शिकवणारी मी, पण स्वतःचे चौऱ्याण्णव रुपये कुठे गेले हे विचारायची हिंमत झाली नव्हती. त्या काळी पगाराची पावती वगैरे काही हातात मिळत नसे. शाळेच्या ऑफिसात एक लांबलचक रजिस्टर असायचं, त्यात आपल्या नावापुढे रेव्हेन्यूचं तिकीट लावलेलं असायचं, त्यावर सही करायची आणि मोजून दिलेले पैसे घ्यायचे. पगार चारशे बासष्ट. फंड वगैरे जाऊन सव्वाचारशे हातात पडावेत असा माझा हिशोब. 'आयकर' असा एक रकाना होता, त्यात माझ्या नावापुढे ९४ लिहिले होते. वरच्या-खालच्या सगळ्या नावांपुढे आडवी रेघ. मुख्याध्यापकांच्या नावापुढेसुद्धा रेघच. हे मी पाहिलं होतं, आणि तरी सही केली होती. नवी नोकरी, त्यातून बाईमाणूस. पहिल्याच दिवशी भांडखोर म्हणून नाव नको, असा शहाणपणा मी केला.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी शेजारच्या क्वार्टरमधल्या काकूंना विचारलं. काकूंचे मालक गार्ड होते, त्यांचा पगार आमच्या मालकांच्यापेक्षा बराच जास्त. काकूंनी सांगितलं, आमचा तर कधीच कर कापला नाही. मग आत्याबाईंनी लेकाला विचारलं. तो म्हणाला, माझाही कापत नाहीत.

मी घरी आले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गार्डाचा पगार तुझ्याहून मोठा. माझ्या लेकाचा तुझ्याहून मोठा. त्यांचा कापत न्हाईत अन् तुझाच कापायलेत?"

प्रश्न अगदी बरोबर होता, म्हणून तर जास्त झोंबला. मी म्हणाले, पहिल्या महिन्यात काहीतरी गडबड झाली असेल, पुढच्या वेळी नीट येईल. आमचे मालकही तेच म्हणाले. ते स्वभावानं गरीब. आई आणि बायको यांच्यामध्ये शब्द टाकायची वेळ आली की त्यांना शेडमधलं काहीतरी काम आठवायचं.

आमच्या शाळेच्या हेडक्लार्कना सगळे बडेबाबू म्हणत. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, पगाराला तनखा आणि नवऱ्याला खाविंद म्हणणारे. पांढरं धोतर, काळा कोट, आणि कोटाच्या खिशात लाल व निळी अशा दोन टोकांची पेन्सिल. एका पैशाची अफरातफर त्यांनी जन्मात केली नसेल. मी दबक्या आवाजात विचारलं, "बडेबाबू, माझा कर जरा जास्त कापला गेलाय का?"

"हिशोब दुरुस्त हाय, बाई. मी दोन बार तपासलाय," ते म्हणाले, आणि चष्मा नीट करून पुन्हा कामाला लागले. मीही मुकाट्यानं वर्गावर गेले.

दुसरा पगार आला. पुन्हा तीनशे एकतीस.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी एकदाच मोजले. मग मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसल्या. "हे बघ माय, तू माहेराला देत असशील तर सांगून दे. तुझ्या बापानं तुला शिकवलं, त्याला दिलं तर मी न्हाई म्हणणार न्हाई. पर चोरून नको."

माझ्या वडिलांना मी एक रुपया पाठवला नव्हता, पाठवायचं मनात आलं तरी त्यांनी घेतला नसता. मी रडतरडतच म्हणाले की असं काही नाही, हवं तर शाळेत येऊन रजिस्टर बघा. त्यावर त्या म्हणाल्या, "मला काय वाचता येतंय? रजिस्टर बघून मी काय करू?" आणि मग, अगदी थंड आवाजात, "तिसऱ्या पगारापस्तोर बघते. तवाबी असंच व्हायलं, तर नोकरी ऱ्हाऊ दे. लेकराला माय पायजे."

या बाईला मी पुरती ओळखत होते. त्या धमकी देत नसत. बोलल्या म्हणजे ठरलं. आणि त्यांनी मुलीला सांभाळलं नाही तर माझी नोकरी एक दिवस चालणार नव्हती. सकाळी पावणेआठची मीटरगेजची पॅसेंजर, मिरखेल, पिंगळी करत परभणी, संध्याकाळी परत. तान्हं पोर घेऊन कोण मला वर्गात उभं करणार होतं? बीएस्सी, बीएड होऊन दोन वर्षं मी अशा नोकरीच्या जाहिराती कापून ठेवत होते. आमच्या खानदानात पगाराच्या रजिस्टरावर सही करणारी मी पहिली बाई. ते सगळं चौऱ्याण्णव रुपयांपायी जाणार होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे चोर ठरून जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ऑफिसात गेले ती तावातच. "बडेबाबू, मला हिशोब बघायचाय. आत्ता."

ऑफिसातल्या दोन्ही शिपायांनी माना वर केल्या. बडेबाबूंनी शांतपणे कपाटातून माझी फाईल काढली. नोकरीवर हजर होताना मी दिलेले कागद त्यात होते. माझे सगळे दाखले माहेरच्या नावाचे. लग्न गावच्या विहारात झालेलं, त्याचा कागद कुठून असणार? माहेरची ती आणि सासरची मी एकच, याचा सबूत पाहिजे म्हणून बडेबाबूंनी रेशनकार्ड मागितलं होतं, लग्नानंतर त्यावर माझं नाव चढवलेलं होतं. आत्याबाईंनी ते ट्रंकेतून काढून, फडक्यात बांधून एका दिवसापुरतं माझ्या हवाली केलं होतं. मी त्याची हातानं नक्कल करून, खरी प्रत म्हणून मुख्याध्यापकांची सही घेऊन फाईलला लावली होती. नक्कल करताना शेवटच्या पानावरचा रकानाही मीच उतरवला होता. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न : रुपये बारा हजार. त्या आकड्यावर आता लाल पेन्सिलीची ठसठशीत खूण होती.

नकलेच्या मागे एक जुनं पाकीट उसवून त्याच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडलेला. कुटुंब : १२,०००. बाई, सात महिने : ३,२३४. खाली बेरीज, तिच्यावर कर, आणि तो मार्चपर्यंतच्या सात पगारांत वाटून दिलेला.

"हे बारा हजार कुणाचे?" मी विचारलं.

"तुमचेच की. तुमच्या घरचे. कार्ड जुनं हाय, तवा तुमाला नोकरी नव्हती, म्हणून तुमची तनखा वरून मिळवली." हे सांगताना बारीक काम नीट जमल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

"अहो, पण घरच्यांचा कर माझ्या पगारातून कसा कापता?"

"खाविंदाची तनखा वेगळी, बिबीची वेगळी, असं कुठं असतंय बाई? एक घर, एक चूल. सरकारनं कार्डसुदिक एकच देलंय."

मी डोक्याला हात लावला. हा माणूस लबाडी करत नव्हता, तेच अवघड होतं. गेल्या वीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरावर माझ्याआधी दोनच बायका लागल्या होत्या. एक विधवा होत्या, दुसऱ्यांनी लग्नच केलं नव्हतं. नवराही सरकारी पगारावर आणि बायकोही, असं जोडपं बडेबाबूंच्या हाताखालून पहिल्यांदाच जात होतं. आणि त्यात आणीबाणीचे दिवस. वरून कधी तपासणी येईल याची सगळ्या ऑफिसांना धास्ती. कर जास्त कापला म्हणून कुणाची नोकरी जात नव्हती, कमी कापला तर जाईल असं वाटत होतं.

मी बरंच बोलले. काय बोलले ते आता सांगायला लाज वाटते. गणित यायला उर्दू लागत नाही, असं काहीतरी बोलले. बडेबाबूंचा चेहरा उतरला. "मी तुमच्या भल्याचंच करायलोय, बाई," एवढंच ते म्हणाले. तासाची घंटा झाली म्हणून मी निघाले, आणि नववीच्या वर्गात दोन बेरजा फळ्यावर चुकीच्या केल्या.

घरी मी पैशाचं कोडं उलगडलं हे फक्त मालकांना सांगितलं. या खेपेला मात्र ते हलले. दुसऱ्याच दिवशी शेडच्या पगार-कारकुनाकडे गेले. त्या कारकुनानं सांगितलं की ज्याचा पगार त्याचा कर. नवराबायकोचा पगार एकत्र धरत नसतात, आणि तुमचा एकट्याचा किंवा बाईंचा एकटीचा पगार कराला पात्रच नाही. शिवाय मालकांचा पगार महिना पाचशे पंचेचाळीस, असा शिक्क्याचा दाखलाही दिला. मी तो नेऊन बडेबाबूंच्या टेबलावर ठेवला आणि आधी परवाच्या बोलण्याची माफी मागितली. त्यांनी माफीकडे लक्षच दिलं नाही, दाखला मात्र तीनदा वाचला. मुख्याध्यापकांकडे जाऊन आले, कसलंसं जाड पुस्तक उघडून बराच वेळ पानं चाळत बसले.

"तुमचं बरोबर हाय," शेवटी ते म्हणाले. "एकेकाचा वेगळा धरायचा. मला ठाव नव्हतं."

माझा जीव अर्धा भांड्यात पडला. अर्धाच, कारण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"पर आता तफावत निघाली ना, बाई. खाविंदाचे सालाचे झाले साडेसहा हजार. कार्डावर बारा. वरचे साडेपाच कुणाचे? उद्या तपासणीवाला म्हणला की हे बाईंच्या नावच्या शेताचे हायेत, तर? कार्ड ज्यांच्या नावावर हाय त्यांनी येऊन माझ्यासमोर लिहून द्यावं, मंग मी कापलेले पैसे वापस करतो. तुमचं नशीब चांगलं. कोणत्या सदरात भरायचे त्याचं पत्र वरून अजून यायचंच हाय. पैसे शाळेच्या खात्यावरच हायेत. पत्र आलं अन् भरले, की मंग माझ्या हातात काई न्हाई."

सरकारी ढिलाईला मी जन्मात पहिल्यांदा दुवा दिला. पण कार्ड आत्याबाईंच्या नावावर होतं. आणि बारा हजार हा आकडा त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी सांगितलेला असणं शक्य नव्हतं. ज्या बाईनं माझ्यावर चोरीचा संशय घेतला तिलाच जाऊन सांगायचं, की ही चोरी तुमच्या बोलण्यानं झाली. त्यांचं चुकलंय असं त्यांना कुणी म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. बिथरल्या तर तिसऱ्या पगाराचीही वाट बघणार नव्हत्या. दोन दिवस मी गप्प राहिले आणि रोज शाळेत गेल्यावर पत्र आलं का ते विचारत राहिले.

रविवारी सकाळी आत्याबाई अंगणात उन्हात पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर मुलगी पालथी, तिच्या पाठीला तेल चोळणं चाललेलं. या वेळी त्यांचा मूड बरा असतो हे मला माहीत होतं. मी जवळ जाऊन बसले.

"आत्याबाई, रेशनकार्डावर उत्पन्न बारा हजार लिहिलंय."

"हाय की."

"ते कुणी सांगितलं होतं?"

"मी. दुसरं कोण सांगंल?" आणि मी न विचारताच त्यांनी सगळी हकीकत सांगितली. गावाकडे चावडीत पुरवठ्याचा कारकून टेबल टाकून बसला होता. रांगेत त्यांच्या पुढे पाटलीणबाई होत्या. ज्या रानात आत्याबाईंनी वर्षानुवर्षं खुरपलं, ते रान त्यांचं. "कारकुनानं इचारलं उत्पन्न, तर ती म्हणली सालाचे दीड हजार. अगं, तिच्या बांधावरच्या आंब्यालाच तेवढे येत व्हते! मंग माझी पाळी आली. तवा माझा लेक नुकता रेल्वेत लागलेला. मी पाटलिणीकडं बघतच म्हणलं, लिव्हा बारा हजार. कारकून म्हणला, मावशी, येवढं सांगू नका, लोक कमी करून सांगतेत. म्हणलं, लोक सांगूंदे. तुमी लिव्हा."

सांगताना त्यांचे हात जोरात चालत होते आणि मुलगी खिदळत होती. मलाही हसू आलं, आणि त्याच हसण्यात मी सांगून टाकलं. त्या बारा हजारांवर माझा कर धरला गेला. म्हणून चौऱ्याण्णव रुपये. म्हणून तीनशे एकतीस.

त्यांचे हात थांबले. "म्हंजे तुझे पैसे माझ्या बोलण्यानं गेले?"

"हो."

"अन् मी तुला माहेराचं बोलले."

त्यांनी मुलीला उचलून माझ्याकडे दिलं, तेलाची वाटी घेतली आणि आत गेल्या. दिवसभर त्यांनी कुणाशी एक शब्द काढला नाही. जेवायलाही उशिरा बसल्या. मला वाटलं, संपलं. आता नोकरी तर जाईलच, वर घरातलं बोलणंही जाईल.

सोमवारी सकाळी मी डबा भरून बाहेर आले तर त्या दारात तयार उभ्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, कडेवर मुलगी, हातात फडक्यात बांधलेलं रेशनकार्ड. "चल," म्हणाल्या. स्टेशनावर तिकीट-बाबू ओळखीचा होता. मावशी, बसा तशाच, म्हणाला. आत्याबाईंनी त्याला झापलं. "आज पुरं तिकीट फाड. आज मला कुठं कमी-जास्त करायचं न्हाई."

ऑफिसात बडेबाबू त्यांना पाहून उठून उभे राहिले आणि स्वतःची खुर्ची दिली. आत्याबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. मुलीला माझ्याकडे दिलं, कार्ड टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "साहेब, हे बारा हजार खोटे हायेत. तवा मी फुशारकी मारली व्हती. माझ्या सुनेच्या नावावर ना शेत हाय ना कायी. तिचे पैसे तिला द्या. मला अंगठा लावायचा तिथं लावते."

शिपाई, दुसरा कारकून, फी भरायला आलेले एक गृहस्थ, सगळे ऐकत होते. ज्या बाईनं भर चावडीत ताठ मानेनं आकडा सांगितला होता, ती भर ऑफिसात माझ्यासाठी तो खोटा म्हणत होती. माझे डोळे भरून आले. मी मुलीचं टोपडं नीट करण्याचं निमित्त केलं.

बडेबाबूंनाही कसंतरी झालं असावं. "बसा बाई, बसा. येवढं काई न्हाई," म्हणत त्यांनी ताव पुढे ओढला, टाक दौतीत बुडवला आणि लिहायला लागले. दोन ओळी लिहून थांबले. "कार्डावरचं उत्पन्न दुरुस्त करायचं, तर खरं किती ते लिहावं लागंल. आजच्या तारखेला घरचं सगळं मिळून किती?"

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "तू सांग. गणिताची मास्तरीण हायस."

मी तोंडीच सांगायला लागले. मालकांचे पाचशे पंचेचाळीस, माझे चारशे बासष्ट. महिन्याचे एक हजार सात. त्याला बारानं गुणलं आणि मीच गप्प झाले. बडेबाबूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, लाल पेन्सिल काढली आणि पाकिटाच्या पाठीवर स्वतः गुणाकार केला. मग पुन्हा एकदा केला.

"बाई," ते आत्याबाईंना म्हणाले, "हे तर बारा हजार चौऱ्याऐंशी व्हायलंय."

"म्हंजे?"

"म्हंजे तुमी सांगितलं व्हतं तेवढंच हाय. उलटं चौऱ्याऐंशी कमी सांगितले."

आत्याबाईंना ते लगेच पटलं नाही. बोटांच्या पेरांवर त्यांनी स्वतः हिशोब मांडला. महिन्याचे हजार, असे बारा हजार. लेकाचे इतके, सुनेचे इतके. मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, माझा पगार किती मोठा आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. पाकीट त्यांनी दोन वेळा मोजलं होतं, पण ते चटणीमिठाच्या हिशोबानं. चावडीतल्या आकड्याच्या हिशोबानं नाही.

मग त्या खुर्चीवर बसल्या. "तर मंग ते खोडू नका," त्या म्हणाल्या. "आता खरं हाय."

बडेबाबू हसले. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो ताव बाजूला ठेवून नवा घेतला आणि लिहिलं की कार्डावरचं उत्पन्न मुलाच्या व सुनेच्या नोकरीचं मिळून आहे, सुनेस इतर कसलंही उत्पन्न नाही, कराकरिता दोघांचं वेगवेगळं धरावं. आत्याबाईंनी अंगठा लावला. वाचून दाखवा म्हणाल्या, आणि 'सुनेच्या नोकरीचं' हे शब्द आले तेव्हा पुन्हा एकदा वाचायला लावले. वरून यायचं ते पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं. मी ते बडेबाबूंच्या टेबलावर पाहिलं, पण तोवर माझ्या नावापुढचा आकडा खोडून तिथे आडवी रेघ मारलेली होती.

डिसेंबरचं पाकीट जाड होतं. महिन्याचे सव्वाचारशे आणि परत आलेले एकशे अठ्ठ्याऐंशी. नेहमीसारखं मी ते तसबिरीपुढे ठेवलं, वाकले, आणि आत्याबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते लगेच उघडलं नाही. दारात जाऊन शेजारच्या काकूंना हाक मारली, त्यांना पाटावर बसवलं, आणि मग त्यांच्यासमोर एकेक नोट जमिनीवर मांडत मोजली. पुन्हा गोळा केली आणि पुन्हा मोजली. या खेपेला मी मुलीला घेऊन मजेत बघत उभी होते.

"कार्डावर बारा हजार हायेत आमच्या," आत्याबाई काकूंना म्हणाल्या. "त्यातले निम्मे हिचे."

निम्मे नव्हते, निम्म्याला पाचशे कमी पडत होते. पण मी काही दुरुस्त करायला गेले नाही.